नवा अल्बम अजून मुरलेला नसतो: डीप पर्पल, ‘=१’ आणि चाहत्यांच्या अपेक्षा

तुमच्या पत्रातलं म्हणणं थोडक्यात असं. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा २०२४चा ‘=१’ हा अल्बम तुम्ही दोनदा ऐकला, पण त्यांचा जुना ‘मशीन हेड’ ऐकताना अंगावर जो काटा येतो तो आला नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोर आणि ऑर्गनवादक जॉन लॉर्ड नसताना याला डीप पर्पल का म्हणायचं, असा तुमचा प्रश्न आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांनी नवीन गाणी करण्यापेक्षा जुनीच झकास वाजवावीत, असंही तुम्हाला वाटतं. शेवटी तुम्ही विचारलंय की अपेक्षा ठेवायची तरी नेमकी कशाची.

मी एकतीस वर्षं गिटार शिकवतोय आणि जवळपास तेवढीच वर्षं कार्यक्रमांचं साउंड सांभाळतोय. हा प्रश्न माझ्या क्लासमध्ये दर दोन-तीन वर्षांनी येतो, फक्त बँडचं नाव बदलतं. तुमची निराशा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुलना कुठल्या दोन गोष्टींमध्ये होतेय ते एकदा नीट बघू.

‘मशीन हेड’ कसा झाला ते आठवा. डिसेंबर १९७१मध्ये बँडमधले पाच जण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले. तिथल्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण ठरलं होतं. ४ डिसेंबरला तिथे अमेरिकी संगीतकार फ्रँक झाप्पाचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि कॅसिनोच जळून गेला. मग पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात काम सुरू केलं, तर आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस दारात. शेवटी हिवाळ्यात बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. तिथल्या बोळात गाद्या लावून आवाज अडवला आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रांनी भरलेला ट्रक, उभा केला. झालेला टेक, म्हणजे नुकतंच मुद्रित केलेलं वादन, ऐकायचा तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडून थंडीत ट्रकपर्यंत जावं लागे. त्यांनी कंटाळून ते जाणंच सोडलं. टेक चांगला झाला की नाही हे वाजवतानाच कळत होतं, तेवढं पुरत होतं. दोन-अडीच आठवड्यांत सात गाणी झाली, एकूण जेमतेम सदतीस मिनिटांची.

या गोष्टीत जळालेला कॅसिनो सगळ्यांना पाठ असतो. मला मात्र त्याच्या तीन महिने आधीची एक घटना जास्त महत्त्वाची वाटते. सप्टेंबर १९७१मध्ये पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला बसने जाताना ‘हायवे स्टार’ जुळलं आणि त्याच रात्री ते लोकांसमोर वाजवलं गेलं. ध्वनिमुद्रणाच्या वेळेपर्यंत त्यांनी ते कित्येक रात्री वाजवून घासून घेतलं होतं. कुठे श्वास घ्यायचा, ड्रम कुठे किंचित पुढे रेटायचे, ऑर्गनने गिटारला कधी वाट करून द्यायची, हे सगळं प्रेक्षकांसमोर ठरलं होतं. आणि मुद्रणानंतरही ते काम थांबलं नाही. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोमध्ये मुद्रित झालेला ‘मेड इन जपान’ ऐका. तुमच्या डोक्यात ‘हायवे स्टार’ किंवा ‘स्मोक ऑन द वॉटर’ म्हणून जे वाजतं, त्यातला बराचसा भाग त्या मैफिलींमधला आहे.

आज मोठा बँड सहसा नवं गाणं आधी सहा महिने मैफिलीत वाजवून मग मुद्रित करायला धजत नाही. पहिल्याच रात्री ते दोनशे फोनमधून जगभर जातं, तेही फाटक्या आवाजात, आणि अल्बम यायच्या आधीच लोकांचं मत पक्कं होतं. त्यामुळे गाणं बंद खोलीत जन्मतं, तिथेच मुद्रित होतं आणि थेट तुमच्या कानावर येतं. तुम्ही पन्नास वर्षं मुरलेलं लोणचं आणि काल घातलेल्या फोडी शेजारी ठेवून चव बघताय. फोडी चांगल्या आहेत की नाही ते त्या दिवशी कळतं. लोणचं कसं होईल ते कळत नाही.

हे बँडलाही कळत नाही, याचा पुरावा ‘मशीन हेड’मध्येच आहे. त्या अल्बममधून पहिलं सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, म्हणून त्यांनी कुठलं गाणं निवडलं? ‘नेव्हर बिफोर’. माझ्या वर्गात आजवर एकाही मुलाने ते शिकवा म्हणून सांगितलेलं नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ त्यांना खास वाटलंच नव्हतं. ते पुढच्या वर्षी, १९७३मध्ये, अमेरिकेत सिंगल म्हणून आलं आणि तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणं करणाऱ्या पाच जणांनाच जे ओळखता आलं नाही, ते आपल्याला पहिल्या दोन ऐकण्यांत ओळखता यावं ही मागणी जरा जड आहे.

आता आपल्या बाजूचं बघा. माझ्याकडे ‘मशीन हेड’ आला तो मित्राकडून उतरवून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला अख्खा अल्बम मावायचा आणि वर जागा उरायची. घरात इंग्रजी कॅसेट एकूण सहा. त्यामुळे ती बाजू मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. रिवाइंड करून करून बॅटरी संपायची म्हणून पेन्सिल घालून फिरवायचो. ‘लेझी’ मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नव्हतं. पण पुढे ढकलताना दुसरंच गाणं निम्म्यातून सुरू व्हायचं, म्हणून नाइलाजाने ऐकत राहिलो, आणि चार-पाच महिन्यांनी तेच सगळ्यात आवडतं झालं. ‘=१’ला मी ती संधी दिली का? पहिल्या दिवशी तरी नाही. लोकलमध्ये, फोनवर, मध्ये दोन कॉल. हा अनुभव तुमचाही असेल.

दुसरा प्रश्न, ब्लॅकमोर नाही तर डीप पर्पल कसं. या बँडच्या बाबतीत याचं उत्तर इतिहासच देतो. १९८४मध्ये गायक गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, बेस वाजवणारा ग्लोव्हर आणि ड्रमर पेस हे ‘मशीन हेड’चे पाचही जण परत एकत्र आले आणि ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ झाला. चाहत्यांची अपेक्षा शब्दशः पुरी झाली. १९८७मध्ये त्याच पाच जणांनी ‘द हाउस ऑफ ब्लू लाइट’ काढला. नावं तीच, वाद्यं तीच, आणि तरी तो अल्बम मला आजही चिकटवल्यासारखा वाटतो. गिटार एका खोलीत आणि गाणारा दुसऱ्या गावात असल्यासारखा. उलट १९९३मध्ये ब्लॅकमोर बँड कायमचा सोडून गेला, १९९४मध्ये गिटारवर स्टीव्ह मोर्स आला आणि १९९६चा ‘परपेंडिक्युलर’ झाला. मोर्सची बोटं पूर्णपणे वेगळी. ब्लॅकमोर जिथे एक सूर ताणून धरेल तिथे हा सोळा सूर पेरतो. पण ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ऐका. पाच माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघून वाजवताहेत हे कळतं. जुन्या संचातल्या नंतरच्या कामापेक्षा तो अल्बम मला जास्त डीप पर्पल वाटतो.

तेव्हा या बँडची ओळख काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, ऑर्गन आणि गिटार यांची बरोबरीची झुंज. लॉर्डने हॅमंड ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अँपमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, घातला आणि तो गिटारइतकाच खरखरीत केला. बाकीच्या हार्ड रॉकमध्ये कीबोर्ड मागे बसतो, इथे तो समोर उभा राहून भांडतो. दुसरी, इयन पेस. १९६८पासून आजपर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेला हा एकमेव माणूस. त्याच्या हाताला जॅझचा झोका आहे. हार्ड रॉकचे बहुतेक ड्रमर ठोका खिळा मारल्यासारखा देतात, पेसचा ठोका किंचित डुलतो. २०२०च्या ‘वूश!’मध्ये त्यांनी ‘अँड द अ‍ॅड्रेस’ परत वाजवलं आहे. १९६८च्या पहिल्या अल्बममधली पहिली रचना. दोन्ही मुद्रणांवर असलेला माणूस एकच, पेस. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि फक्त ड्रमकडे कान द्या. बावन्न वर्षांत तो डुलणारा ठोका जागचा हललेला नाही. मध्ये, २०१६मध्ये, त्याला पक्षाघाताचा सौम्य झटकाही येऊन गेला होता. मी विद्यार्थ्यांना हे ऐकवतो तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही.

लॉर्ड २००२मध्ये स्वतःहून बाहेर पडला, त्याची जागा डॉन एअरीने घेतली. जुलै २०१२मध्ये लॉर्ड वारला. २०१३च्या ‘नाउ व्हॉट?!’मध्ये त्याच्यासाठी केलेली गाणी आहेत. मोर्स २०२२मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे बाहेर पडला आणि सायमन मॅकब्राइड आला. बाकीचे चौघे पंचाहत्तरीच्या पलीकडचे, हा चाळिशीतला. ‘=१’मध्ये त्याचा परिणाम लगेच ऐकू येतो. मॅकब्राइडचा हात मोर्सपेक्षा ब्लूजच्या जवळचा आहे, सूर कमी, दाब जास्त. ‘पोर्टेबल डोअर’मध्ये एअरी आणि तो एकमेकांना वाक्यं देतात-घेतात तिथे ती झुंज शाबूत आहे. मला ती ऐकायची होती, ती मिळाली.

आवाजाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, की गिलन आता वर जातच नाही, त्यावर जरा थांबून बोलायला हवं. १९७०च्या ‘इन रॉक’मधल्या ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये तो जिथे पोचतो तो पंचविशीतल्या गळ्याचा पराक्रम आहे. ते गाणं त्यांनी वीस वर्षांपूर्वीच मैफिलीतून काढून टाकलं. आपल्याकडे वयस्क गवई पट्टी उतरवतो तेव्हा कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. काळी दोनमध्ये गाणारा माणूस पांढरी एकवर आला तरी आपण त्याच्या सुराची जागा आणि शब्दावरचं वजन ऐकतो, उलट खर्जात आता काय सापडतं याची वाट बघतो. रॉकच्या श्रोत्याकडे ही सवयच नाही, कारण रॉक म्हातारा होतोय तो आपल्याच डोळ्यांसमोर, पहिल्यांदाच. मेटालिका हा अमेरिकी मेटल बँड, तेही मैफिलीत अर्धा सूर उतरवून वाजवायला लागले त्यालाही आता तीस वर्षं होत आली. तार सैल केली की गिटारचा पोतही बदलतो, जाड आणि किंचित चिखलट होतो. साउंडवाल्याला मग मधल्या स्वरपट्टीत जागा करून द्यावी लागते. हे सगळं पडद्यामागचं काम श्रोत्यापर्यंत फक्त “पूर्वीसारखं वाटत नाही” एवढ्याच रूपात पोचतं.

‘=१’मध्ये गिलनने गाणी गळ्याच्या मधल्या भागात बेतली आहेत. तो शब्दांशी खेळतो, अर्धं बोलतो, अर्धं गातो, ओळीच्या शेवटी थोडा थट्टेचा सूर ठेवतो. ऐंशीला टेकलेल्या माणसाने स्वतःच्या गळ्याचा हिशेब मांडून लिहिलेलं गाणं आहे ते. त्याने किंचाळायचा प्रयत्न करून तो सूर स्टुडिओतल्या यंत्राने जागेवर बसवून घेतला असता, तर मी निराश झालो असतो.

माझ्या स्वतःच्या हातून हे चुकलेलं आहे म्हणून सांगतो. आमचा कॉलेजातला बँड पंचवीस वर्षांनी परत जमला. जुन्या मित्रांसाठी एक संध्याकाळ ठरवली आणि मी हट्ट केला की सगळी गाणी मूळ पट्टीतच व्हायला हवीत. आमचा गायक तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. दुसऱ्या गाण्याला त्याचा गळा बसला आणि उरलेली संध्याकाळ त्याने ओशाळवाणं हसून काढली. त्याच रात्री शेवटी आम्ही नुकतंच केलेलं, त्याच्या आताच्या गळ्याला जमेल असं एक गाणं घेतलं. अर्धे लोक तोवर जेवणाकडे वळले होते. पण त्या एका गाण्यात तो नीट उभा राहून गायला. मला आजही त्या संध्याकाळचं तेवढंच ऐकावंसं वाटतं.

नव्या गाण्याला लोक उठून जातात हे आपल्याला नवीन नाही. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हा आपल्याच पोरांच्या बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून परदेशी गाण्यांची फर्माईश ओरडली जायची. आम्हीही ओरडायचो. त्या पोरांकडून आपण काय हिरावून घेत होतो हे स्वतः मंचावर चढेपर्यंत मला कळलं नाही.

पण चाहत्याने सगळं गोड मानून घ्यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. काही अपेक्षा रास्त आहेत आणि त्या मोठ्याने सांगितल्या पाहिजेत. २००८मध्ये मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा आवाज इतका दाबून मोठा केला होता की ड्रमचे ठोके फाटत होते. त्याच गाण्यांची गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती मोकळी आणि स्वच्छ होती. चाहत्यांनीच हा फरक पकडला आणि अल्बमचं मिक्सिंग परत करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. ती तक्रार शंभर टक्के बरोबर होती, आणि माझ्यासारख्या साउंडवाल्यांना तिचा उपयोग झाला, कारण त्यानंतर आवाजाच्या या दाबाबद्दल सामान्य श्रोताही बोलायला लागला.

‘=१’बद्दल माझी अशीच एक तक्रार आहे. तेरा गाणी, पन्नास मिनिटांच्या आसपास. ‘मशीन हेड’ची सात. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटांच्या वर भरलं की आवाजाचा दर्जा घसरायचा, त्यामुळे गाळणं भाग होतं. आता ती सक्ती उरलेली नाही. मधल्या गाण्यांतली तीन काढून टाकली असती तर उरलेल्यांचं वजन वाढलं असतं. मोठमोठ्या अल्बमांवर काम केलेला बॉब एझरिन इथे निर्माता होता. २०१३पासून या बँडला जो नवा जोम आला त्याचं पुष्कळसं श्रेय मी त्याला देतो. मैफिलीत जसे मोकळे वाजवता तसे स्टुडिओत वाजवा, हे त्याने त्यांच्याकडून करून घेतलं. कात्रीही त्यानेच चालवायला हवी होती.

दुसरी रास्त अपेक्षा प्रामाणिकपणाची. नवा अल्बम म्हणून जुन्या पेटाऱ्यातलं काही देत असाल तर त्याचं कारण गाण्यात दिसलं पाहिजे. एसी/डीसी या रॉक बँडचा २०२०चा ‘पॉवर अप’ घ्या. त्यांचा ठेक्याची गिटार वाजवणारा माल्कम यंग स्मृतिभ्रंशामुळे २०१४मध्ये बँडबाहेर गेला आणि २०१७मध्ये वारला. ‘पॉवर अप’ची सगळी बारा गाणी अँगस आणि माल्कम या दोघांच्या नावावर आहेत, दोघा भावांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या कल्पनांतून अँगसने ती उभी केली. माल्कमच्या जागी वाजवतो तो त्यांचा पुतण्या स्टीव्ही. बाहेरून “परत तेच” म्हणता येईल असा अल्बम आहे. पण ज्याने माल्कमचा उजवा हात शिकायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी अँपवरचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारं बटण, पूर्ण फिरवतात. मी ते निम्म्याच्या खाली आणतो आणि सांगतो, आता वाजव. सगळा जोर एकदम गळून पडतो, कारण तो जोर अँपमध्ये नव्हताच, माल्कमच्या मनगटात होता. तो कमी डिस्टॉर्शनवर, जाड तारांवर, ठोक्याच्या मधल्या रिकाम्या जागा सांभाळत वाजवायचा. त्या रिकाम्या जागा ‘पॉवर अप’मध्ये आहेत. घरातल्याच माणसाने त्या जपल्या आहेत. या बँडने वळण बदलावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. डीप पर्पलने तेच ते केलं तर मात्र मला चालणार नाही, कारण ते मुळातच खोलीत सुचेल तसं वाजवत गाणं शोधणारे लोक आहेत. अपेक्षा बँडच्या स्वभावावरून ठरवावी लागते, आपल्या वयावरून नाही.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा, नवीन बंद करून जुनंच वाजवण्याचा. पैशाच्या हिशेबाने तुम्ही बरोबर आहात. अशा बँडचं उत्पन्न दौऱ्यांवर चालतं आणि दौऱ्याची तिकिटं ‘स्मोक ऑन द वॉटर’वर खपतात. पण मंचाच्या बाजूला उभं राहून मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ज्या संचाने नवीन बसवणं बंद केलं, त्यांचं जुनंही दोन-तीन वर्षांत मशीनसारखं होतं. बोटं बरोबर पडतात, माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. नवीन गाणं बसवताना चुकतात म्हणून ते एकमेकांचं ऐकतात आणि ती सवय मग जुन्या गाण्यातही उतरते. मॅकब्राइड आल्यावर डीप पर्पलने ‘=१’मधली गाणी मैफिलीत घेतली, सगळी नाही, पण घेतली. तुम्हाला जुनी गाणी जिवंत ऐकायची असतील तर त्या नव्या गाण्यांची वीस मिनिटं ही त्याची किंमत समजा.

आता करायचं काय? तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका. शेवटचं ‘ब्लीडिंग ऑब्व्हियस’ आधी लावा. अल्बममधली सगळ्यात लांब आणि वळणावळणाची रचना तीच आहे, आणि हे लोक अजून किती दूर जायला तयार आहेत ते तिथे कळतं. फोन खोलीबाहेर ठेवा. साधे का होईना, स्पीकरवर ऐका, म्हणजे पेसचा खालचा ड्रम छातीला लागेल. पहिल्या फेरीत फक्त डाव्या-उजव्या बाजूला ऑर्गन आणि गिटार काय बोलतात तेवढं ऐका, गिलनकडे लक्षच देऊ नका. दुसऱ्या फेरीत फक्त त्याचे शब्द. मग पंधरा दिवस अल्बम बाजूला ठेवा. पंधरा दिवसांनी त्यातलं एखादं वळण भांडी घासताना किंवा गाडी चालवताना आपसूक तोंडात आलं, तर परत लावा. नाही आलं तर हा अल्बम तुमचा नाही, आणि त्यात बँडचंही काही चुकलेलं नाही. मग ‘नाउ व्हॉट?!’ काढा, माझ्या मते मोर्सच्या काळातला उत्तरार्धातला सर्वांत भरीव अल्बम तो आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही त्याअर्थी तुमचा तो ऐकायचा राहिला असावा.